सातवा रकाना: आडनावाचे मूळ व प्रसार

पुणे, ४ सप्टेंबर २०२५

चि. नूपुर हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू लग्न ठरवल्याची बातमी तुझ्या आईने, विद्याने, काल जेवताना सांगितली. मुलाचे नाव राफाएल हेर्रेरा, तो सौदीत तुझ्याच कंपनीत आहे आणि लग्न डिसेंबरात त्याच्या गावी, एवढे ऐकून मी पानावरून उठलो आणि संगणक उघडला. परधर्माचा धक्का बसला, खोटे कशाला लिहू? पण आडनाव स्पॅनिश निघाले. त्या आडनावाची जुनी घराणी आहेत, काहींची मानचिन्हे दारावर दगडात कोरलेली आहेत. आपणही कमी नाही. मूळपुरुषाला दरबाराने फारसी पत्रव्यवहाराचे काम दिले आणि त्या कामावरून कुळाला पारसनीस हे नाव मिळाले. सरकारने नाव द्यावे, यापरता मान नाही. तेव्हा तोलामोलाचे जुळले, असे मी धरतो.

आपल्या कुलवृत्तांताची तिसरी आवृत्ती जानेवारीत छापायला जाते. संपादक म्हणून मी आजच समितीला फोन करून कळवले की कुळात पहिला युरोपीय जावई येत आहे. दोघा सभासदांचा आवाजच बसला. त्यांचे जावई अमेरिकेत असले तरी आडनावाने जोशी आणि देशपांडेच.

सोबत माहितीपत्रक आहे. सातवा रकाना, 'आडनावाचे मूळ व प्रसार', सविस्तर भर. स्पेनला डिसेंबरात थंडी असते म्हणून मी लोकरी कोट शिवायला टाकला आहे. विद्याला मीच घेऊन येईन, तिचा पासपोर्ट माझ्याच कपाटात आहे. उत्तर कागदावर पाठव. मोबाइलवरचा मजकूर मी फाइलला लावत नाही.

काकांवर लोभ आहेच, तो वाढवावास.

तुझा,
रत्नाकरकाका


धाहरान, १३ सप्टेंबर २०२५

ती. रत्नाकरकाकांना सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. माझ्या शेजारच्या टेबलावरची फरहाना सुटीवर रत्नागिरीला जाते आहे. हे उत्तर ती मुंबईत उतरल्यावर कुरिअरला देईल, म्हणजे तुमच्या फाइलला कागद मिळेल.

आधी तातडीचे. कोट शिवून झाला नसेल तर थांबवा. लग्न बातांगासला आहे. ते फिलिपीन्समध्ये आहे आणि तिथे डिसेंबरात सत्तावीस अंश असतात.

आता सातवा रकाना. हेर्रेरा म्हणजे लोखंडाची भट्टी. स्पेनमध्ये या नावाची अनेक गावे आहेत, कारण भट्ट्या अनेक होत्या. त्या गावांतून बाहेर पडलेल्या लोकांना गावाचे नाव चिकटले, आपल्याकडे 'कर' लागतो तसे. त्यामुळे सगळे हेर्रेरा एका कुळाचे नाहीत. दगडी मानचिन्हे ज्यांची असतील त्यांना लखलाभ. प्रसाराचे म्हणाल तर आज स्पेनमध्ये आहेत त्याहून कितीतरी जास्त हेर्रेरा मेक्सिकोत आहेत.

राफाएलकडे हे नाव तिसऱ्याच वाटेने आले. १८४९ मध्ये फिलिपीन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने हुकूम काढला. लोकांची आडनावे सारखी-सारखी असल्याने करवसुलीच्या वह्यांत घोळ होत होता. म्हणून आडनावांचे एक जाडजूड पुस्तक गावोगाव पाठवले आणि त्यातून नावे वाटली. राफाएलच्या पूर्वजाने हे नाव निवडले की कारकुनाने दिले, याची नोंद नाही. त्या घरात स्पॅनिश रक्त आहे, याचाही पुरावा नाही. पुरावा नसलेली गोष्ट मी रकान्यात लिहीत नाही.

त्याचे मधले नाव दिमायुगा. ते आईचे माहेरचे आडनाव, तिकडे ते मुलाच्या नावात राहते. तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. हुद्द्याने माझ्याहून दोन पायऱ्या खाली, कामात माझ्याहून अचूक. तुमच्या पत्रकात त्यासाठी रकाना नाही, म्हणून समासात लिहिले आहे.

समितीला दुरुस्ती कळवावी. आईला आणण्याचे कबूल केलेत, तेवढे लक्षात ठेवावे. साक्षीदार म्हणून मला तिची सही हवी आहे.

लोभ युरोपपुरता नसेल, असे गृहीत धरते.

आपली,
नूपुर


पुणे, २२ सप्टेंबर २०२५

चि. नूपुर हिस आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. एकदा स्वतःशी, एकदा मोठ्याने तुझ्या आईसमोर. तिने ऐकले आणि गवार मोडत बसली.

म्हणजे मुलगा लोहाराच्या नावाचा, आणि ते नावही स्वतःचे नाही! सरकारी कारकुनाने पुस्तकातून फाडून दिलेले आडनाव मिरवणाऱ्या लोकांना कुळ म्हणायचे? तिकडच्या बायका परक्यांच्या घरी धुणीभांडी करायला जातात, हे तू तिथे रोज पाहत असशील. तुझे बाबा असते तर त्यांना काय वाटले असते? विजय गेल्यावर आठ वर्षे या घराचा कर्ता मी आहे, म्हणून विचारतो.

समितीला मी दुरुस्ती कळवणार नाही. कुलवृत्तांतात तुझ्या नावापुढे 'माहिती उपलब्ध नाही' एवढेच छापले जाईल. तीनशे वर्षे नीट राखलेल्या वंशवेलीला मी असले कलम लावू देणार नाही.

मी येणार नाही, आणि विद्याही येणार नाही. तिने आजवर एकटीने पुणे-नाशिकसुद्धा केलेले नाही. पासपोर्ट कपाटात आहे, तो तिथेच राहील. तू हा विचार सोडलास की घर तुझेच आहे.

लोभ कमी झालेला नाही, त्याला सध्या कुलूप आहे.

रत्नाकरकाका


धाहरान, ३ ऑक्टोबर २०२५

ती. रत्नाकरकाकांना सा. न. वि. वि.

माझे काम तुम्हाला ठाऊक आहे. पाइपच्या भिंतीची जाडी मोजायची, गंज कुठून लागला ते शोधायचे आणि आधीचा अहवाल आजच्याशी ताडून पाहायचा. तुमची दोन पत्रे तशीच शेजारी-शेजारी ठेवली.

४ सप्टेंबरला तुम्ही लिहिलेत की सरकारने नाव द्यावे, यापरता मान नाही. २२ सप्टेंबरला सरकारने दिलेले नाव हे नावच उरले नाही. अठरा दिवसांत इतकी झीज मी समुद्राखालच्या पाइपलाइनमध्येही पाहिलेली नाही. आपल्या पूर्वजाने परकी भाषा लिहून पोट भरले आणि त्या नोकरीचा शिक्का तुम्ही तीनशे वर्षे मिरवता. राफाएलच्या घरचे निदान ते नाव मानाने मिळाल्याचा दावा करत नाहीत.

लोहारकीबद्दल. मी मेटलर्जीला पहिली आले तेव्हा तुम्ही सोसायटीत पेढे वाटले होते. चार वर्षे मी काय शिकले, असे तुम्हाला वाटले होते? या घराण्यात लोखंडावर जगणारी मीच आहे. तो नावापुरता आहे.

धुणीभांडी करणाऱ्या बायकांबद्दल. राफाएलच्या आईने जेद्दात बारा वर्षे दुसऱ्याच्या घरी काम करून तीन मुले शिकवली. हे मी समासात लिहायचे विसरले होते. आता लिहून घ्या.

कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती मी तपासली. तिच्यात सुनांचे माहेरचे गाव आहे, वडिलांचे नाव आहे, जन्मनाव मात्र एकीचेही नाही. माहिती उपलब्ध नाही, हा शेरा तुम्ही मलाच पहिल्यांदा देत आहात असे नाही.

आणि पासपोर्ट. इथे कफील, म्हणजे ज्याच्या नावावर कामगाराचा परवाना असतो तो मालक, त्यालाही कामगाराचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवायला कायद्याने मनाई आहे. तुम्ही सौदीबद्दल दर दिवाळीला जे बोलता, ते पुढच्या वेळी कपाटाकडे तोंड करून बोलावे.

पुस्तकात माझ्या नावापुढे काय छापायचे ते छापा. मला आई हवी आहे. तिकीट मी काढले आहे, मुंबईहून, १६ डिसेंबरचे. ती आली नाही तर साक्षीदाराची जागा मी दुसऱ्या कोणाला देणार नाही, असे लिहिणार होते. पण कायद्याला दोन सह्या लागतात, तेव्हा द्यावी लागेल. ते मला फार जड जाईल. हे वाक्य तुम्ही मोठ्याने वाचावे.

लोभाला कुलूप लावलेत, किल्ली कोणाकडे आहे ते कळवावे.

नूपुर


पुणे, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय नूपुर,

हे माझं पत्र. भाऊजी तुमची दोघांची पत्रं मोठ्यानं वाचतात, त्यामुळे मला सगळं माहीत असतं आणि मी काहीच बोललेली नसते. परवाच्या पत्रातलं शेवटचं वाक्यही त्यांनी वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा पुसत बसले.

आधी एक सांगते. स्पेन माझ्या तोंडून गेलेलं नाही. मी मुलाचं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगायला तोंड उघडलं, तोवर ते संगणकावर जाऊन बसले होते. कोट शिंप्याकडून आला आहे. काळा, चांगला जाड. ऑक्टोबरच्या उन्हात तो दाराच्या खुंटीवर लटकतो आहे आणि येणारा प्रत्येक जण विचारतो की कुठे निघालात.

तू लिहिलंस की जन्मनाव एकाही सुनेचं नाही. माझं किशोरी होतं, हे तुला ठाऊक आहे. ते का बदललं, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. १९९१ साल. दुसऱ्या आवृत्तीचं काम चालू होतं, भाऊजी तेव्हा समितीत नवे होते. लग्नाच्या दिवशी त्यांनी तुझ्या बाबांच्या हातात एक चिठ्ठी दिली, त्यावर तीन नावं. बाबांनी ताम्हनातल्या तांदळात अंगठीनं मधलं लिहिलं. मला वाटलं, आवडलं म्हणून लिहिलं. पुढे सहा महिन्यांनी कळलं की वंशावळीत दोन किशोरी पारसनीस आधीच होत्या आणि तिसरी आली असती तर सूचीत घोळ झाला असता.

तुझ्या त्या गव्हर्नरची गोष्ट ऐकली तेव्हा मी गवार मोडत होते. मला हसू आलं, भाऊजींना वाटलं मी रडते आहे.

काल सकाळी चहा देताना मी कपाटाची किल्ली मागितली. कशाला, म्हणाले. मी विचारलं, त्या दोन किशोरी कोणत्या पानांवर आहेत? त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, एकशे चार आणि दोनशे एकोणीस. चौतीस वर्षं पानं पाठ आहेत त्यांना. मग मी विचारलं की जो माणूस सरकारी वहीतल्या सोयीसाठी मिळालेल्या नावाला हसतो, तो सूचीच्या सोयीसाठी नाव मिळालेल्या बाईकडून चहा कसा घेतो? त्यांनी कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला. थोड्या वेळानं किल्ली टेबलावर होती.

पासपोर्ट आता माझ्या पर्समध्ये आहे. एकटी येईन. मुंबई विमानतळावर काय करायचं, ते अनुक्रमानं कागदावर लिहून पाठव, तू मशिनचं लिहितेस तसं. राफाएलच्या आईला विचार, तिच्यासाठी काय आणू. बारा वर्षं दुसऱ्याच्या घरात स्वयंपाक केलेल्या बाईला मी मसाले आणणार नाही, तिला नुसतं बसून खाता येईल असं काही तयारच आणीन.

पासपोर्टवर विद्या आहे, तेव्हा विमानात विद्याच बसेल आणि साक्षीदाराच्या जागी सहीही तिचीच होईल. ते नाव आता बदलायला मला वेळ नाही. पण भाऊजींच्या पत्रकाचा एक कोरा कागद मी घेतला, सातव्या रकान्यावर काट मारली, तिथं माझं नाव लिहिलं आणि तो त्यांच्या फाइलला लावला. काढून टाकतात का, ते रोज बघते. अजून आहे.

माझ्या लोभाचं तुला काय लिहायचं? तो कुणाच्या कपाटात कधी नव्हता.

तुझी आई,
किशोरी