तेल आणि तारा

कराड, मंगळवार, ११ फेब्रुवारी १९९७

आज माझ्या खोबरेल तेलानं सांगलीच्या डॉक्टरांना चांगलंच कामाला लावलं! डोकं थंड राहावं म्हणून सकाळी मीच ह्यांच्या हातावर तेल ओतलं, आणि तेलकट डोक्याला, मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या त्या मशीनच्या तारा काही केल्या चिकटेनात. शेवटी दवाखान्याच्या मोरीत साबणानं डोकं धुवावं लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हे चक्क हसत होते. फौजेत तो स्फोट झाला, तेव्हापासून ह्यांचं हसणं कुठं राहिलं होतं?

मन निवलं की ते मशीन 'टूं' वाजतं, भीती दाटली की गप्प बसतं. आज बराच वेळ वाजलं. हसल्यामुळं असेल का? डॉक्टरांना विचारायचंच राहिलं.

घरी आल्यावर हे पाट घेऊन माझ्यापुढं पाठमोरे बसले. पाठीमागून कुणी हात लावला तर अंगावर धावून येणारा माणूस!

"आता लाव तेल. लय कोरडं झालंय."

"आवं, मी लावू?"

"मग कोण?"

मी तळहातावर तेल घेतलं. मी टाळूवर तेल जिरवत राहिले, आणि ह्यांच्याच तोंडून हळूच आलं, "टूं..."