बाजेची दोरी

बऱ्हाणपूर, मार्च १९५७

ती. अक्का,

नोव्हेंबरात नवं राज्य झालं, त्यात तुमच्या भावाचं ऑफिस उठलं, नोकरी गेली. मी मात्र दर पत्रात "सगळं ठीक" असंच लिहीत आले. खरं तर चार महिने ते बाजेवर पडून असत. मी त्यांना आळशी म्हणाले, तरी रागावले नाहीत. त्याचीच भीती वाटली.

परवा ते आंघोळीला गेले आणि मी बाजेची दोरी विळीनं कापली. आल्यावर त्यांनी कापलेले तुकडे गोळा केले. मग दोरी भिजत घातली आणि दिवे लागेपर्यंत बाज विणून काढली, गावी निंबोल्याला मामंजींनी त्यांना शिकवली होती तशी.

जेवताना म्हणाले, "पुढच्या वेळी गाठ सोड, लीला. कापलेली दोरी सांधत बसावं लागतं."

हे पत्र टाकत नाही. शेजारच्या भागाबाईंची बाज सैल झालीय, ती त्यांना विणायला मागून आणते.

तुमची,
लीला