माझी मिळकत आणि कृष्णातचा कान

मी, आकाराम गुंडू चौगले, वय एकाहत्तर, धंदा मोटर व पंप दुरुस्ती, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मला कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून टेबलाशी बसवलेलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना तो पुरत नसेल त्यांनी माझ्याशी एकदा व्यवहार करून बघावा, मी जिवंत आहे तोवर. खाली लिहिलेली सगळी मिळकत मी स्वतः कमावलेली असून तीत वडिलार्जित एक वीटही नाही.

कलम १. राजारामपुरीतलं घर माझी पत्नी सौ. शांतादेवी, जिला सगळे आक्का म्हणतात, तिला पूर्ण मालकीने. वकीलसाहेबांनी कच्च्या मसुद्यात "तिच्या हयातीपर्यंत" असे शब्द घातले होते, ते मी खोडले. चव्वेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला स्वतःच्या घरात भाडेकरू करून ठेवायचं मला पटत नाही. ती विकेल, ठेवेल, कुणाला दान देईल, कोणी बोलायचं काम नाही.

चिरंजीव राजवीर पुण्याला असतो. त्याने या घरात कॅमेरा बसवला आहे आणि तिकडून मोबाईलवर बघून "आई, दूध उतू जाईल" असं सांगतो. आक्का त्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकते. माझ्या पश्चात तो टॉवेल कोणी काढू नये.

कलम २. पन्हाळा रस्त्याची दहा गुंठे जागा राजवीरला. बँकेतल्या ठेवी राजवीर व मुलगी निशिगंधा यांना निम्म्या निम्म्या.

राजवीरने हेच मृत्युपत्र एका यंत्राकडून दोन मिनिटांत लिहवून घेऊन मला पाठवलं होतं. भाषा गुळगुळीत. सुरुवातच "माझ्या प्रिय कुटुंबीयांनो" अशी. मी घरात आजवर कुणाला प्रिय म्हटलेलं नाही. आक्काने ते वाचलं असतं तर मी बाहेर काही भानगड केली असावी असंच तिला वाटलं असतं. यंत्राला मी नावं ठेवत नाही. पण ज्याला काही ठाऊक नाही आणि जो विचारतही नाही, असा फिटर मी पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता.

कलम ३. रक्तदाब मोजायचं माझं मशीन चुलतबंधू गणपतराव यांस. हे मशीन खोटं बोलतं असं गणपतरावांचं ठाम मत आहे, कारण ते त्यांचा रक्तदाब जास्त दाखवतं. "माझं मला कळतंय की, मशीन काय सांगतंय?" असं म्हणून ते मोज्यात कांदा घालून झोपतात आणि सकाळी त्याचा फोटो "चौगले परिवार" या ग्रुपवर टाकतात. गणपतरावांनी मशीन रोज वापरावं ही विनंती. त्यांना हसायचा अधिकार मला उरलेला नाही. का, ते कलम ६ मध्ये येईल.

सदर ग्रुपचं अॅडमिनपद आक्काला. कुणाला बाहेर काढायचं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

कलम ४. मी गेल्यावर चौकात माझा फ्लेक्स लावू नये. या शहरात वाढदिवसाचा आणि श्रद्धांजलीचा फ्लेक्स एकच पोरगा करतो आणि फोटोतलं हसू तेच ठेवतो. डोळे दान करावेत, अर्ज भरलेला आहे. रक्षा नदीत न सोडता गावाकडच्या आंब्याच्या बुडात घालावी. कान कोणी घेत नाही. घेत असते तरी माझे घेऊ नयेत.

कलम ५. उद्यमनगरातला कारखाना, लेथ, वाइंडिंगची यंत्रं आणि "चौगले मोटर्स" हे नाव निशिगंधा हिला. ती इंजिनिअर आहे म्हणून नाही. ती हात काळे करते म्हणून. मोटर मुलीच्या हाती द्यायला लोक आधी कचरत होते. आता गडहिंग्लज-चंदगडकडून फोन येतात ते "ताई हायत का?" असे येतात, मी उचलला तर "बरं, मग करतो" म्हणून ठेवतात.

मी पेठ वडगावजवळच्या खेड्यातून चौदाव्या वर्षी या शहरात आलो. दुसऱ्याच्या दुकानात जळकं तांबं सोललं, वाइंडिंग शिकलो, एक्क्याऐंशी साली स्वतःचं शेड टाकलं. माझं भांडवल म्हणजे कान. चालू मोटरच्या बेअरिंगवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की आत काय चाललंय ते मला वर्तमानपत्रासारखं वाचता यायचं. लोक चाळीस चाळीस किलोमीटरवरून मोटर ट्रॉलीत घालून आणायचे, नुसतं ऐकवायला.

कलम ६. हे कलम मिळकतीचं नाही, तरी मृत्युपत्राचा भाग समजावं.

कृष्णात तुकाराम खोत हा माझ्याकडे बावीस वर्षं फिटर होता. २०१८ च्या मार्चमध्ये एका पाणीपुरवठा संस्थेची साठ अश्वशक्तीची मोटर आली. कृष्णातने नवं बेअरिंग तेलात तापवून शाफ्टवर बसवलं, मोटर चालू केली, कान लावला आणि म्हणाला, "आण्णा, बारीक शिट्टी हाय आत. बेअरिंगच खराब आलंय. उघडूया."

मी कान लावला. मला काही ऐकू आलं नाही.

"शिट्टी न्हाय नि काय न्हाय. जाऊ दे मोटर."

"हाय की, आण्णा."

"मला ऐकाय शिकीवतोस व्हय रं?"

मोटर गेली. पाचव्या दिवशी बेअरिंग जाम झालं, वाइंडिंग जळालं, ऐन उन्हात अकरा दिवस उसाला पाणी नाही. संस्थेची वीसेक माणसं कारखान्यात आली. त्यांच्यापुढे मी बोललो, "आमच्या कृष्णातनं बेअरिंग ठोकून बसवलं, तापवलं न्हाय." आमच्या धंद्यात फिटरला याहून वाईट शिवी नाही. हातोड्याने बेअरिंग ठोकतो तो फिटर नव्हे. कृष्णात फक्त "आण्णा?" एवढंच म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने एप्रन घडी करून टेबलावर ठेवला आणि गेला. "ठोकणारा कृष्णात" हे नाव त्याच्या आधी सगळ्या उद्यमनगरात पोचलं आणि त्याला कुणी कामावर घेतलं नाही.

तीन वर्षांनी निशिगंधाने कंपन मोजायचं यंत्र आणलं. मी बरी ठरवलेली मोटर त्याने नापास केली. मी गणपतरावांसारखाच म्हणालो, की यंत्र खोटं बोलतंय. तिने मोटर उघडली. बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडले होते. त्याच आठवड्यात मी डॉ. रुद्रेश हिरेमठ यांच्याकडे कान तपासून घेतले. दोन्ही कानांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत, आणि हे किमान दहा वर्षांपासूनचं आहे, असा त्यांचा अहवाल आहे.

म्हणजे शिट्टी होती. कृष्णातला आली, मला आली नाही. तो अहवाल मी चार वर्षं लॉकरमध्ये ठेवला. आता तो या कागदाला जोडला आहे. विज्ञानाबद्दल मी खूप बोलतो, त्यातलं माझ्या अनुभवाचं एवढंच, की मोजमाप आपल्या विरुद्ध गेलं तरच ते आपल्या उपयोगाचं असतं.

कलम ७. कारखान्यात कृष्णातला चौथा हिस्सा द्यावा असं मी प्रथम लिहिलं होतं. निशिगंधाची संमती होती. त्यासाठी त्याचा पूर्ण पत्ता लागत होता. बावीस वर्षांत मी तो कधी विचारला नव्हता, म्हणून ऑगस्टमध्ये वडगावला गेलो. पत्र्याच्या खोलीत तो मिक्सर दुरुस्त करत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "या पावणं. काय आणलंय, पंखा का मिक्सर?"

मी कलम ६ त्याला वाचून दाखवलं. तो स्क्रू पिळत राहिला.

"कवा वाचणार हे?"

"मी गेल्यावर."

"म्हंजे तुमी सुटला. आनि मी तुमच्या तेराव्याला येऊन माझं नाव परत घेऊन जायाचं व्हय? शंभर वर्सं जगला तर मी काय करू?"

मी कागद घडी करून खिशात घातला.

"हिस्सा नको मला. घेतला तर म्हणतील, म्हाताऱ्याच्या गळी पडून लिहून घेतलं. संस्थेची सभा हाय की फुडच्या महिन्यात. तितं बोला. मग ह्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करतो."

ज्याला मिळकत द्यायची त्याची साक्ष घेऊ नये, असं वकीलसाहेबांचं मत पडलं. सबब हिस्स्याचा मजकूर काढून टाकला आहे.

कलम ८. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत, आयत्या वेळच्या विषयात, मी उभा राहिलो आणि कलम ६ मधली हकीकत दीडशे सभासदांपुढे सांगितली. चेअरमन म्हणाले, "जुनं हाय आण्णा, सोडा." मी सोडलं नाही. संपवून खाली बसणार तोच मागच्या दाराकडून आवाज आला, "ऐकू येईना! मोठ्यानं सांगा!"

आवाज कृष्णातचा होता. त्याला ऐकू आलं नव्हतं असं मी मानत नाही. मी सगळं पहिल्यापासून परत सांगितलं, मोठ्याने.

त्यानंतर निशिगंधाने त्याला कामावर बोलावलं आहे. तो काय म्हणाला ते त्या दोघांनी मला सांगितलेलं नाही, आणि तो मृत्युपत्राचा विषयही नाही.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निशिगंधा हिने करावी. याआधीचे कागद रद्द. काही राहून गेलं असेल तर ते आक्काचं.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

सही: आकाराम गुंडू चौगले

साक्षीदार १: डॉ. रुद्रेश शिवमूर्ती हिरेमठ, कोल्हापूर

साक्षीदार २: कृष्णात तुकाराम खोत, पेठ वडगाव

(साक्षीदार २ यांनी सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलेले) सगळं वाचून सही केली. बेअरिंग तापवूनच बसवलं होतं.