उरलेलं अर्धं पान

प्रिय संघमित्रा,

तुझं पत्र आणि सोबतचं जाडजूड पाकीट दोन्ही पोचलं. फोन असताना तू मला हाताने पत्र लिहितेस, हे पोस्टमन झुलालला अजून पटलेलं नाही. तो दरवेळी पाकीट उलटसुलट करून बघतो आणि तिकडे बर्फ पडतो का, एवढं विचारून जातो. आमच्या सौ. कमलबाईला तुझा बर्फ खोटा वाटतो. इथे मेमध्ये पंचेचाळीस आणि तिकडे जानेवारीत उणे चाळीस, म्हणजे माणसाने राहायचं तरी कुठे, हा तिचा प्रश्न.

तुमच्या तिकडच्या ग्रामीण पालिकेच्या पहिल्या पाच वर्षांचा तू लिहिलेला इतिहास दोनदा वाचला. आपल्याकडे तिला ग्रामपंचायतच म्हटलं असतं, फक्त पसारा चोपडा तालुक्याएवढा आणि माणसं आपल्या दोन गल्ल्यांएवढी. १९१० साली पहिली सभा एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात भरली आणि इतिवृत्त लिहून होईपर्यंत त्याची बायको कणीक घेऊन दारात उभी राहिली, हे तू छान टिपलंस. कर भरण्याऐवजी प्रत्येकाने आपले घोडे जुंपून रस्त्यावर काम करायचं, हेही आवडलं. पण पिकं खाणाऱ्या त्या बिळातल्या खारींच्या शेपट्या आणून दिल्या की मुलांना बक्षीस! असला उपक्रम मी शाळेत काढला असता तर आपल्या पोरांनी सातपुडा रिकामा केला असता.

एक वाक्य मात्र खटकलं. ज्याची नवी आवृत्ती तू करतेयस, त्या १९५५ च्या जुन्या पुस्तकाची सुरुवातच अशी आहे की, इथे तेव्हा काहीच नव्हतं. पुढे तूच लिहितेस की तिथल्या मूळच्या लोकांना आधीच राखीव जागेत हलवलं होतं. पुस्तकाची पद्धतही मोठी सोयीची. प्रत्येक घराने आपापलं पान लिहायचं. म्हणजे ज्याला जमीन मिळाली त्याला पान मिळालं. आणि त्या पहिल्या चार हिवाळ्यांत वस्तीवरची बहुतेक बाळंतपणं जिने केली, ती राखीव जागेतून बर्फातून यायची. तिला मिळाली अर्धी ओळ, ‘जवळपासची एक बाई’. तुला एका शेतकरणीच्या रोजनिशीत तिचं नाव सापडलं. आता नवी आवृत्ती निघतेय, पानं लावून झाली आहेत, तुमचं संपादक मंडळ म्हणतं जागा नाही, आणि दोन महिन्यांत छपाई. तू मला विचारलंस, सर, तुम्ही असतात तर जागा कशी काढली असतीत?

हा प्रश्न वाचून मी दोन दिवस जेवलो नाही नीट. कमलबाईला वाटलं पोट बिघडलं.

तुला आठवत असेलच, तरी माझ्या तोंडून ऐक. २००३ मध्ये आपल्या शाळेला पन्नास वर्षं झाली, स्मरणिका निघाली, संपादक मी. तू नववीत होतीस. तू तुझ्या आजीवर लेख आणून दिला होतास. कलाबाईंनी गावातली किती बाळंतपणं केली, आडवं आलेलं मूल कसं फिरवलं, नदीला पूर असताना पलीकडे कशा गेल्या. वर्गातलं कोणीच तसं लिहीत नव्हतं, आणि हे मी तुला तेव्हा सांगितलंही नाही. जागा नाही, एवढंच म्हणालो. तू बरं सर म्हणून गेलीस. जागा होती, पोरी. शेवटचं अर्धं पान उरलं होतं. तिथे मी सुविचार टाकला. आणि त्याच स्मरणिकेतल्या माझ्या गावाच्या इतिहासावरच्या लेखात लिहिलं, ‘त्या काळी गावातील एक सुईण बाळंतपणे करीत असे.’

मला कोणी अडवलं नव्हतं. इतकी वर्षं मी मनाला सांगत आलो की सरपंच काय म्हणतील, समितीतले लोक काय म्हणतील. कोणी काहीच म्हणालं नव्हतं, कारण मी कोणाला विचारलंच नव्हतं. बौद्धवाड्यातल्या बाईचं नाव आपल्या पाटलांच्या आजोबांच्या फोटोशेजारी आलेलं बरं दिसणार नाही, हे माझं मीच ठरवलं. आमचा युवराज तिच्याच हातावर जन्मला. बारा दिवस तिने त्याला न्हाऊमाखू घातलं, आणि तिचा चहाचा कप आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. मी तेव्हा शाळेत समतेवर भाषणं देत होतो. चांगली देत होतो.

मागच्या आठवड्यात मी तुझ्या घरी गेलो. तुझा लेख मी फेकला नव्हता, तेवढं एक बरं केलं. कलाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तुझ्या भावाने, प्रशीलने, खुर्ची आणली, मी खालीच बसलो. झालं ते सगळं सांगितलं, मग लेख वाचून दाखवला. माफी मागितली, तर त्या हसल्या. लेखात तू पूर आलेली नदी चुकीची लिहिलीस म्हणे. अनेर नव्हती, तापी होती.

मग तुझ्या पुस्तकातल्या बाईचं सांगितलं. शेंगा बाजूला ठेवल्या त्यांनी. एवढ्या बर्फात ती चालत यायची की घोड्यावर, पाणी कोण तापवायचं, नाळ कशाने कापायची, परत जाताना तिला कोणी सोडायला जायचं का, एकेक विचारत होत्या. होतं तेवढं तुझ्या पत्रातून सांगितलं. शेवटी आपल्या बोलीत म्हणाल्या, “बठ्ठं सांगं मास्तर, पन त्या बाईनं नाव काय व्हतं?”

मी पत्र पुन्हा उघडलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. ‘ती बाई’ अकरा वेळा आहे. नाव सापडलं असं आहे, कुठे सापडलं तेही आहे. नाव नाही. हे तू माझ्याकडूनच शिकलीस, आणि ते मी कलाबाईंसमोर कबूल करू शकलो नाही. उद्या सांगतो म्हणालो.

म्हणून हे पत्र. जागा कशी काढायची हे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि तुला ते ठाऊकही आहे. तू फक्त नाव कळव. फोनवर नको, लिहून कळव, आणि देवनागरीत लिही. तुझी आजी शहाऐंशीची आहे, रोज प्रशीलला माझ्याकडे पाठवते, आणि मला ते न अडखळता वाचून दाखवायचंय.

तुझाच,
पितांबर सर