आधी कोणाचं ते सांगायचं

अण्णा,

काल श्रीरामपुरात तुमचा आवाज ऐकला, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. मंगल कार्यालयात पडदा लावून बंद पडलेल्या साखर कारखान्यावरचा माहितीपट दाखवत होते. गंजलेलं फाटक, धूर नसलेलं धुराडं, आणि त्यावर तुम्ही: "कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." पुढचं नाव कापलेलं. लगेच पडद्यावर कामगार संघटनेची पाटी. मागच्या रांगेत बायका डोळे पुसत होत्या. आई माझ्या कानाशी म्हणाली, "ही तर आपल्या शिंपीबुवाची मयत. म्हातारपनानं गेला की तो. संघटनेनं कवा मारला?"

रिक्षावर कर्णा बांधून तुम्ही सगळ्यांचंच सांगत फिरलात. सर्कस, साड्यांचा सेल, निवडणुकीतले एकमेकांचे वैरी. कॉलेजात असताना मी चिडून म्हटलं होतं, "कोणीही यावं आणि तुम्हाला ओरडायला लावावं." तुम्ही माइक पुसत होतात. "वरडतो की. पन आधी कुनाचं हाय ते सांगतो. मग लोकांनी ठरवावं." मयतीच्या फेरीत दुसरं काही घ्यायचं नाही, गाणं लावायचं नाही. गिऱ्हाईक परत जाई, आई धुसफुसे.

कालच्या माहितीपटात मात्र हे कोणाचं, ते कोणीच सांगितलं नाही. बाहेर चहा घेताना मांडववाला सहज बोलून गेला: कारखान्याची जमीन ज्यांना हवी आहे, त्यांनीच कार्यालय भाड्यानं घेतलं होतं. दिग्दर्शक तरुण आहे. तुमची कॅसेट त्याला माइकच्या दुकानात मिळाली. मी हटकलं तर म्हणतो, "सर, कारखाना बंद पडला हे खोटं आहे का? लोक रडले हे खोटं आहे का?" दोन्ही खरं. वर्षानुवर्षं वर्गात भाषा शिकवतो, पण उत्तर सुचलं ते परतताना, एसटीत. फाटक खरं, पाटी खरी. खोटं होतं ते दोन्ही शेजारी ठेवण्यात. आणि जोडायला तुमचा आवाज घेतला.

"हरकत असेल तर आवाज काढतो," तो म्हणाला होता, "फक्त एक मेसेज करा." पुढच्या आठवड्यात खेळ राहुरीला, मग पुणतांब्याला. तुमच्याच जुन्या फेऱ्या. आई सकाळपासून विचारते आहे, "धाडला का रं?" मी हो म्हणालो.

मेसेज लिहून ठेवला आहे, पाठवलेला नाही. तुम्ही पुन्हा गावोगाव ऐकू येणार, अण्णा, आणि मला ते हवं आहे.