चेहरा राहिलेलं चित्र

सर, मागच्या महिन्यात तुमच्या मुलीचा फोन आला. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी तिने तुमचं नाव घेतल्यावर मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. कौन्सिलच्या गॅलरीत तुमच्या चित्रांचं प्रदर्शन भरवतेय म्हणाली. तुमच्या क्लेटनच्या घरामागच्या शेडमध्ये सगळी चित्रं तशीच पडून होती, त्यात एक माझं निघालं, मागे तुम्ही नाव लिहून ठेवलेलं. अंगात निळा युनिफॉर्म, हातात मॉप, पायाशी पिवळी बादली, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता तपकिरी रंग. "खाली काय लिहू?" तिने विचारलं. "तुला नको असेल तर नाही लावत, नो वरीज. नाहीतर तुझा तेव्हाचा एखादा फोटो दे, माझा एक पेंटर मित्र चेहरा पूर्ण करून देईल." मी म्हटलं, दोन दिवस दे. हे दोन दिवस मला कशाला हवे होते, ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार?

तुमच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आले तेव्हा माझं इथल्या युनिव्हर्सिटीतलं पहिलं सेमिस्टर चालू होतं. पुण्याला आईला सांगितलं होतं, लायब्ररीत पार्ट-टाइम नोकरी लागली. प्रत्यक्षात मी पहाटे एका शॉपिंग सेंटरचे संडास धुवायला जात होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या घरात दुधाबरोबर पाजलं जातं. आईने ती लायब्ररी सोसायटीभर सांगितली, मग मलाही ती सजवावी लागली; पुस्तकांना कव्हरं घालते, परदेशी प्रोफेसर माझ्याशी गप्पा मारतात, काय वाट्टेल ते. तुमच्यापुढे मात्र काही चाललं नाही. सकाळी मी परत यायचे तेव्हा तुम्ही किचनमध्ये चहाबरोबर चमच्याने जॅम खात बसलेले असायचात आणि माझ्या हातांना फिनेलचा वास येत असायचा. पहिल्या आठवड्यातच तुम्ही दुसरा कप काढून ठेवायला लागलात आणि एका थंडीच्या दिवशी, काही न बोलता, तुमच्या गेलेल्या बायकोचा लोकरी कोट माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकलात. तो मला दोन्ही बाजूंनी मोठा होत होता आणि मी तो तीन हिवाळे वापरला.

तुम्ही रशियात मोठ्या अकादमीत चित्रकला शिकलेले, आणि इथे येऊन वीस वर्षं फॅक्टरीत गाड्यांच्या दारांना रंग मारलेले. त्याबद्दल तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत. "दारसुद्धा नीट रंगवावं लागतं," एवढंच म्हणायचात. सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये माणसं काढायचात: बसड्रायव्हर, मासे साफ करणारी व्हिएतनामी बाई, सुपरमार्केटच्या ट्रॉल्या ढकलणारा पंजाबी मुलगा. नियम दोनच. फोटोवरून काढायचं नाही, आणि समोरच्याने पोझ द्यायची नाही, आपलं काम करायचं. मी रविवारी कामाचाच युनिफॉर्म घालून तुमच्या शेडची फरशी पुसत राहायचे आणि तुम्ही आधी हात काढायचात, मग काम, चेहरा अगदी शेवटी. त्या वर्षी अख्ख्या क्लेटनमध्ये तुमच्याइतकी स्वच्छ शेड दुसरी नसेल.

आणि मग तो रविवार. चेहरा सुरू करायचा होता. मी बांधणीचा कुर्ता घातला, कानात झुमके, केस मोकळे, आणि ऐटीत येऊन उभी राहिले. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "ही कोण? मी हिला बोलावलं नव्हतं. जी रोज येते तिला पाठव." मी आधी हसले, मग विनवणी केली, मग चक्क रडले. म्हटलं, निदान शर्टावरचं क्लीनिंग कंपनीचं नाव पुसा, ती बादली काढा, मॉपच्या जागी पुस्तक द्या; हे चित्र कधी घरच्यांच्या नजरेला पडलं तर मी काय सांगू? तुम्ही ब्रश खाली ठेवलात. मला वाटलं विरघळलात.

तुम्ही स्टूल ओढलंत आणि तुमच्या मोडक्या इंग्रजीत मला तिकडच्या एका गिलावा करणाऱ्या बाईची गोष्ट सांगितलीत. तरुणपणी तुम्ही तिचं चित्र काढलं होतं: जेवणाच्या सुट्टीत, चुन्याने भरलेले हात मांडीवर, भिंतीला टेकून झोपलेली. चित्रं पास करणारे सरकारी कमिटीवाले म्हणाले, आपले कामगार झोपत नाहीत, डोळे उघडा, आणि थोडं हसूही असू दे. तुम्ही डोळे उघडलेत, हसूही आणलंत. बक्षीस मिळालं, चित्र रेल्वे स्टेशनात लागलं. एक दिवस ती बाई पोरांना घेऊन बघायला आली. बराच वेळ बघून तिने तुम्हाला विचारलं, "माझं कुठे लावलंय?" हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. "मी ते एकदा केलं. पुन्हा नाही करणार. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

मला तुमचा राग आला, सर. म्हातारा हेकेखोर आहे, याला आमची माणसं काय कळणार, असं मी मनात म्हटलं. पुढच्याच आठवड्यात मैत्रिणींच्या घरी राहायला गेले. तुम्ही दोनदा फोन केलात, परीक्षा आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा उचललाच नाही. पुढे तुम्ही गेल्याचं कुणाच्या तरी ईमेलवरून कळलं, तोवर अंत्यसंस्कार उरकले होते.

आता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, ट्रुगानिनात राहते, आयटीत आहे, हाताखाली अकरा माणसं आहेत. आई तीन महिन्यांसाठी आली आहे आणि इथल्या मराठी मंडळात अजूनही सांगते, "आमची ही पहिल्यापासून पुस्तकांत." दोन दिवसांनी मी तुमच्या मुलीला फोन केला. म्हटलं, चेहऱ्याला कुणी हात लावायचा नाही. खाली माझं पूर्ण नाव लिही, आणि त्याच्याखाली 'क्लीनर'. तिने विचारलं, "यू शुअर?" मी म्हटलं, हो, आणि उद्घाटनाला आईला घेऊन येतेय. शब्द मागे घ्यायचा नाही हे ठरलेलं होतं.

काल आम्ही दोघी गेलो. आई चित्रं बघत बघत पुढे सरकत होती, माशांच्या चित्रापाशी नाक मुरडून माझ्याकडे बघून हसली. मग माझ्या चित्रापाशी आली. ती इंग्रजी सावकाश वाचते. नाव वाचलं, खालचा शब्द वाचला, पुन्हा नाव वाचलं.

"ही तू?"

"हो. लायब्ररी कधी नव्हतीच, आई. मी संडास धुवायचे."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती भडकली. लोक वळून बघायला लागले तरी तिने आवाज खाली आणला नाही. "तुझ्या आजीचं दोन वर्षं गू-मूत कुणी काढलं? तू बारावीत होतीस, दिसत होतं ना तुला? आणि मला लाज वाटेल, हे तू परस्पर ठरवलंस? मी चार बायकांत ती लायब्ररी मिरवत बसले, मला वेडी ठरवलंस!" शेवटी ती चित्राच्या अगदी जवळ गेली आणि माझ्या रंगवलेल्या हातांकडे बघत राहिली. "तुझेच आहेत," म्हणाली. "अंगठा वाकडा आहे." निघताना तिने माझा दंड घट्ट धरला होता.

हे पत्र कुठे पाठवणार, सर? तुमच्या मुलीलाही मराठी वाचता यायचं नाही, आणि तसं यावं असं वाटतही नाही. पण एक गोष्ट राहिली. गाडीत बसल्यावर आईने विचारलं, "किती दिवस केलंस हे काम?" एवढं सगळं झाल्यावरही माझ्या तोंडून आलं, "असेल, सहाएक महिने." अडीच वर्षं, सर. आई आत्ता खाली पोळ्या लाटतेय. पानावर बसायच्या आधी तिला सांगून येते.