मंगळवारची पंधरा मिनिटं

रत्नागिरी
बुधवार

प्रिय मरियम हिला,

कुमुदचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव, आणि खरं कळव. मागच्या पत्रात "बराच आराम आहे" असं लिहून दुसऱ्या दिवशी तू दाभोळच्या बंदरावर मासळी आणायला चालत गेलीस, हे मला मुसाभाईंनीच सांगितलं. गुडघा बरा असेल तर चाल, नसेल तर घरात बस. मुसाभाईंना माझा सलाम सांग. त्यांनी पाठवलेले सुके बांगडे पोचले. (पुढच्या वेळी एसटीत देताना दोन पिशव्या घालायला सांग. कंडक्टर आता मला लांबून बघूनच नाकाला रुमाल लावतो.) माझी तब्येत ठीक. साखर थोडी वाढली आहे, पण डॉक्टर म्हणतात तेवढी नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्ये बोलतेस, म्हणून पत्र.

आमच्या काजूच्या कारखान्यात मला देखरेखीला लागून यंदा एकतीस वर्षं झाली. आप्पांनी कारखाना मुलाच्या, म्हणजे स्वरूपच्या हाती दिला त्याला सव्वा वर्ष झालं. स्वरूप पुण्याहून व्यवस्थापन शिकून आला आहे. मुलगा वाईट नाही. (लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून फुटके काजू खायचा, आणि विचारून खायचा.) त्याने आषाढात एक फळा आणून भिंतीला लावला आणि जाहीर केलं, की दर मंगळवारी सकाळी दहा वाजता पंधरा मिनिटं काम थांबेल, एक जण आपल्याला येतं ते सांगेल आणि बाकीचे ऐकतील. प्रत्येकाला असं काहीतरी येतं जे दुसऱ्याला येत नाही, आणि ते त्याच्याबरोबर घरी निघून जातं, असं त्याचं म्हणणं. कल्पना चांगली आहे. हे मी त्याला बोलले नाही, तुला सांगते. बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं "मंगळवारचं कीर्तन" करून टाकलं, कारण एक जण उभा, बाकीचे बसलेले आणि शेवटी बिस्किटांचा प्रसाद.

पहिलं कीर्तन दीपकचं. तो आमचा वायरमन, विषय विजेपासून सावधगिरी. पाच मिनिटं घसा साफ करण्यात गेली. मग त्याने ओल्या हाताने पंख्याचं बटण दाबलं आणि जागच्या जागी एक उडी मारली. पुढे त्याला काही बोलावं लागलं नाही, विषय सगळ्यांना समजला. दुसऱ्या मंगळवारी सखाराम, आमचा राखणदार, विषय साप ओळखणे. पंधरा मिनिटांची पन्नास झाली. चौदा जाती सांगितल्या, आणि चौदांशीही त्याची समोरासमोर ओळख. फुरसं कुठे बसतं हे सांगताना त्याने काठी नेमकी न्हाणीघराकडे दाखवली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बायका चार-चारच्या टोळीने तिकडे जात होत्या, आणि पुढे काठी घेऊन सखाराम. (स्वरूपचा एक छापील कागद असतो, वक्ता, विषय, परिणाम असे रकाने असलेला. तो मला भरावा लागतो. मी लिहिलं, "परिणाम: जागरूकता पूर्ण, काम निम्मे.") तिसरी आपल्या फणसोपकरांची मुलगी, आयात. ती ऑफिसात संगणकावर बसते. तिने बायकांना मोबाइलवरून रजेचा अर्ज कसा पाठवायचा ते शिकवलं. फार छान शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा अर्ज आले. एकीने लिहिलं होतं, की उद्या सासूचं पोट दुखणार आहे.

आता मुद्द्यावर येते. आमच्याकडे काजूच्या बिया फोडून झाल्या की गर बोरम्यात जातात. बोरमा म्हणजे मोठं लोखंडी कपाट, खाली निखारा, आत गर वाळवायचे ट्रे. तिथे वाळले की सोलाईच्या अठरा बायका त्यांची तांबडी साल काढतात. गर आख्खा निघाला तर त्याला मान, फुटला तर तो पाकळी नाहीतर तुकडा. गेल्या वर्षीपर्यंत आमच्याकडे शंभरात पंधरा-सोळा गर फुटत. यंदा चौतीस. मिठाईवाले आख्खा मागतात, स्वरूप त्यांना तोंड देऊन थकला. श्रावण लागला तशी त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, की गणपतीच्या सुट्टीच्या आत फूट विसावर आली नाही तर सोलाईचं मशीन घेणार. दुसऱ्याच दिवशी मशीनवाला टेप घेऊन आला आणि बायका जिथे बसतात तिथलीच जमीन मोजून गेला. त्याने मापं घेताना बायकांना जरा सरकायला सांगितलं. त्या सरकल्या, मरियम.  अठराजणींतल्या अकरांच्या घरात दुसरी मिळकत म्हणजे मुंबईहून कधीतरी येणारा नवऱ्याचा पगार.

आणि या अठरांत एक गोदा. बावन्न वर्षांची, भिंतीकडे तोंड करून बसते, कुणाशी बोलत नाही. सगळ्यांचे चौतीस फुटतात, तिचे सहा. तेव्हा पुढचं कीर्तन तिचंच, हे उघड होतं. मी तिला बोलावलं आणि सांगितलं. ती म्हणाली, "नको बाई. सांगितल्यावर गुण जातो."

हे तुला ठाऊक आहे. तिची सासू काविळीची मुळी देत असे आणि मुळी कसली ते तिने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही, सांगितली की औषधाचा गुण जातो म्हणून. मी तिला म्हटलं, "गोदा, हा काजू आहे, मुळी नव्हे." तर म्हणते, "तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे." आता मी रसायनशास्त्राची पदवीधर. (तू माझ्या शेजारच्या टेबलावर होतीस, आणि परीक्षानळी कोणाच्या हातून फुटली हे आपण दोघी जाणतो.) मी तिला अंधश्रद्धेवर सुनावलं. ज्ञान दाबून ठेवणं हा अपराध आहे म्हटलं. मोजमाप आणि नोंद यांवर कारखाना चालतो, गुणावर नाही, म्हटलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण पुढे म्हटलं, "तुझ्या एकटीच्या हट्टापायी सतरा बायका घरी बसतील. चालेल तुला?"

ती दारापर्यंत गेली. मग म्हणाली, "बरं. मंगळवारी बसते सगळ्यांसमोर. पन बोलनार नाय. ज्याला डोळे हायत त्यानं बगावं."

तो मंगळवार काल झाला. गोदा पहिल्यांदाच भिंतीकडे पाठ करून बसली. समोर ट्रे, डावीकडे एक टोपली. एकेक गर उचलायची, अंगठा आणि दोन बोटांत धरून जरासा दाबायची, आणि मग एकतर सोलायला घ्यायची नाहीतर डावीकडच्या टोपलीत टाकायची. सोलताना अंगठा एकदा फिरवला की साल सुटून यायची. पंधरा मिनिटं हॉलमध्ये फक्त सालींची कुरकुर. वेदिका म्हणून एक नवी मुलगी आहे, तिला राहवेना. "काकी, डावीकडचे काय करायचे?" गोदा म्हणाली, "ते मागाहून." "का पण?" "मागाहून म्हटलं ना गो. तोंड चालवतेस तसा हात चालव."

स्वरूपने मोजले. शंभरातले एकतीस डावीकडे, उरलेल्यांत फुटले फक्त दोन. मी सगळ्यांसमोर विचारलं, "गोदा, सोपे गर सोलायचे आणि अवघड टाळायचे, हीच का तुझी विद्या?" ती खाली मान घालून म्हणाली, "होय बाई. डोळे बरे नाहीत. अवघड ते उद्यावर ढकलते." बायका हसल्या. मी तिला तिथल्या तिथे ताकीद दिली आणि कागदावर लिहिलं, "वक्त्याने मौन पाळले. परिणाम: शून्य."

तर असा कार्यक्रम फसला. आता मशीन येणार असं दिसतं. मी माझ्या बाजूने सगळं केलं. गुडघ्याला तिळाचं तेल लाव, आणि लावते असं नुसतं लिहू नकोस.

तुझी,
कुमुद

ता. क. (गुरुवार, सकाळ) पाकीट काल चिकटवलं नाही ते बरं झालं. वरचं पत्र खरं आहे, पण पुरं नाही.

मंगळवारी दुपारी मी डबा घ्यायला बोरम्यापाशी गेले. सगळ्यांचे डबे बोरम्याच्या डोक्यावर गरम होत असतात. तिथे गोदाची टोपली होती, फडक्याने झाकलेली. ती रोज असते, आणि वर्षभर मी समजत होते की तिची भाकरी असते. फडकं उचललं. आत ते डावीकडचे एकतीस गर. एक मोडून पाहिला. आतून ओलसर. ओला गर साल सोडत नाही, खरवडायला गेलं की फुटतो, हे मी स्वतः अठराजणींना शिकवलं आहे. गोदा ओले निवडून काढत होती आणि मिळेल त्या उबेवर परत वाळवत होती. मग माझा डबा उघडला. आमटी गार. डबे गार राहतात अशी तक्रार बायका गेल्या पावसाळ्यापासून करताहेत. मी त्यावर सूचना लावली होती, की बोरमा हा डबे गरम करण्यासाठी नाही.

आता सांगते ते आप्पांनाही माहीत नाही. बोरम्याच्या दारावर तापमानाचा काटा आहे. तो नऊ वर्षांपूर्वी सत्तरवर अडकला. सत्तरच हवं असतं, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही. मी नोंदवहीत रोज तीन वेळा सत्तर लिहिते. खोटं लिहिलं नाही, काटा सत्तरच दाखवतो. (दिवाळीच्या सुट्टीत निखारा नसतानाही दाखवतो.) खरं तापमान मी दारावर तळवा ठेवून ठरवत होते. तीन अंक मोजेपर्यंत हात ठेवता आला की बरोबर. आठ वर्षं एकही घाणा बिघडला नाही. पण गेल्या वर्षापासून साखरेमुळे हाताला बधिरपणा आला आहे, आणि हे मी डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही. मी दारावर हात ठेवते आणि मला रोज सगळं ठीकच लागतं. ते चौतीस गर सोलाईत फुटत नाहीत, मरियम. ते माझ्या हातात फुटतात.

आज सकाळी मी गोदाला न्हाणीघरामागे गाठलं. (तिथे सखारामच्या कृपेने आता कुणी येत नाही.) म्हटलं, "तुला कधीपासून माहीत आहे?" म्हणाली, "गेल्या गौरीपासून." "मग बोलली का नाहीस?" तर म्हणते, "तुमचं नोकरीचं एक वर्ष ऱ्हायलंय, बाई. म्हटलं, निभावून न्येऊ. एकीला सांगितलं असतं तर सांजपर्यंत स्वरूपच्या कानावर." "आणि मशीन?" यावर ती मग म्हणाली, "म्हणून तर भिंतीकडं पाठ करून बसले परवा. तुम्ही बगाल म्हटलं. तुम्ही ताकीद दिलीत."

ता. क. दुसरा. म्हणून ज्यासाठी हे पत्र आहे ते काम. तुझा लेक उमेर लोट्याला कारखान्यात अशीच यंत्रं आणि काटे बसवतो ना? त्याला सांग, बोरम्याला लागतो तसा एक काटा, शंभराच्या पुढे दाखवणारा, घेऊन ये. कंपनीतला उचलून आणायचा नाही, दुकानातून घ्यायचा, पावतीसकट. सोमवारी सहा वाजता बायका आणि स्वरूप गेलेले असतात. सखारामला मी बाजारात पाठवते. अर्ध्या तासात बसवून होईल, कुणाला कळायचं कारण नाही. मंगळवारपासून फूट खाली येईल, मशीन टळेल आणि माझं वर्षही नीट जाईल. तू मुसाभाईंनाही सांगू नकोस.

ता. क. तिसरा (गुरुवार, दुपार) वरचा मजकूर खोडत नाही, पण तो रद्द समज.

जेवणानंतर सोलाईच्या हॉलमधून जात होते. गोदाच्या शेजारी वेदिका येऊन बसली होती. दोघींच्या मध्ये एक टोपली ठेवली होती. वेदिका गर दाबून पाहत होती आणि गोदा मानेने हो-नाही करत होती. तोंडाने एक अक्षर नाही. पलीकडच्या दोघी तिरक्या नजरेने शिकत होत्या. मी फळ्यापाशी गेले, सखारामच्या सापाचं चित्र अजून तसंच होतं ते पुसलं आणि येत्या मंगळवारचं लिहिलं: "वक्ता, कुमुदबाई. विषय, बोरम्याचा काटा नऊ वर्षं बंद आहे."

स्वरूप आला, त्याने वाचलं. एरवी तो मला मॅडम म्हणतो. म्हणाला, "मावशी, हे खरं आहे?" मी म्हटलं, "फळ्यावर मी कधी खोटं लिहिलं आहे का?" तो म्हणाला, "नोंदवहीत लिहिलंत." मी त्याला दारावर तळवा ठेवून तीन अंक कसे मोजते ते सांगितलं. (तू असतीस तर मध्ये बोलली असतीस, तेवढंच बरं झालं असतं.) तो बोरम्यापर्यंत गेला, दारावर हात ठेवला, मोजत उभा राहिला आणि परत आला. मग माझ्यासमोरच मशीनवाल्याला फोन लावून म्हणाला, गणपतीनंतर बघू, आमच्याकडे आधी दुसरं एक काम निघालं आहे.  आणि माझ्यापुढे तो छापील कागद सरकवला. मी आधी मागचा काढला, गोदाचा, आणि त्यातलं "शून्य" खोडलं.

तेव्हा उमेरला सोमवारी पाठवू नकोस. मंगळवारी सकाळी दहाला, सगळ्यांसमोर येऊ दे. त्याची पाळी बदलून मिळत नसेल तर त्याच्या साहेबाचा नंबर कळव, मी बोलते. आणि एक बजावून सांग. जुना काटा काढताना तो हलवायचा नाही, पुसायचाही नाही. मला तो सत्तरवर असतानाच हातात घेऊन दाखवायचा आहे.

कुमुद